दरबार, बाजार आणि क्रीडांगण : राजदूतांच्या लेखनाचा एक विचार

आत्मचरित्र, प्रवासवर्णन आणि इतिहास या तीन मुलखांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे एक लहानसा वाङ्मयप्रकार कित्येक शतके नांदत आला आहे. परराज्यात वकील किंवा राजदूत म्हणून राहिलेल्या माणसाने तेथील मुक्कामात लिहिलेली रोजनिशी, स्वदेशी धाडलेली पत्रे, अथवा सेवानिवृत्तीनंतर सांगितलेल्या आठवणी हे त्याचे रूप होय. इतिहासकार त्यातील तह आणि तारखा तेवढ्या उचलतो व बाकीचा मजकूर बाजूस सारतो. वाङ्मयाचा टीकाकार हा इतिहासाचा विषय समजून त्याच्या वाटेसच जात नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहावा, तशी या लेखनाची स्थिती झाली आहे. त्याचा वाङ्मय म्हणून विचार व्हावा आणि तो करताना त्यास कोणती कसोटी लावावी याची थोडी चर्चा व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राजदूताच्या लेखनातील राजकारणाचा भाग हा बहुधा त्याचा सर्वांत दुबळा भाग असतो, असे मला वाटते. हे विधान वरवर चमत्कारिक वाटेल. पण त्याचे कारण उघड आहे. दरबारात वकील हा स्वतः नसतोच. तो आपल्या धन्याचा आवाज असतो. त्याचे उठणे, बसणे, मुजरा करणे हे सर्व ठरलेले असते, आणि त्याविषयी तो जे लिहितो तेही धन्याच्या नजरेखालून जायचे असते. असे लेखन असत्य नसले तरी राखून केलेले असते. परंतु हाच मनुष्य दरबारातून बाहेर पडून बाजारात गेला, घोड्यावर बसून रपेटीस निघाला, डोंगर चढू लागला किंवा आजारी पडून परक्या गावात पाण्यासाठी तळमळू लागला, म्हणजे त्याच्या अंगावरील झगा गळून पडतो. तेथे त्याला कोणी शिकवून ठेवलेले नसते. तेथे तो जे पाहतो आणि ज्या शब्दांत सांगतो, त्यावरून त्याची खरी पारख होते.

पारख कसली, हेही स्पष्ट केले पाहिजे. पाहुण्याने यजमानाचे घर बारकाईने पाहिले, एवढ्याने लेखन मोठे होत नाही. यजमानही आपल्याला पाहत आहे, त्याच्या डोळ्यांत आपली काही एक किंमत ठरत आहे, ही जाणीव ज्याच्या लेखनात जागी असते तोच या प्रकारातील खरा लेखक. या कसोटीवर तीन लेखकांची लेखणी घासून पाहू. पहिला सतराव्या शतकातील इंग्रज वकील सर टॉमस रो, दुसरा एकोणिसाव्या शतकातील जपानमधील इंग्रज दुभाषी आणि पुढे राजदूत झालेला अर्नेस्ट सेटो, आणि तिसरे विसाव्या शतकातील आपले औंधचे अप्पासाहेब पंत. पहिल्याचा संबंध आमच्या माळव्याच्या मातीशी आहे आणि तिसऱ्यांचा आपल्या भाषेशी. दुसरा या दोघांच्या मधला दुवा म्हणून उपयोगी पडतो.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेस उतरला आणि १६१९ च्या फेब्रुवारीत त्याने हिंदुस्थानचा किनारा सोडला. वकिलात राजाची, पण खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा, अशी ही व्यवस्था होती. राजाची इभ्रत राखावी तर व्यापाऱ्याची थैली कुरकुरते आणि थैली सांभाळावी तर इभ्रत जाते, हा पेच त्याच्या रोजनिशीच्या पानोपानी दिसतो. ही रोजनिशी विल्यम फॉस्टर याने संपादित केली आणि १८९९ साली हॅक्लुट सोसायटीने ती प्रसिद्ध केली. अजमेरास जहांगीराची भेट झाल्यावर बादशहाची स्वारी जिकडे जाईल तिकडे रोला जावे लागले, आणि अशा रीतीने १६१७ साली तो मांडवगडास येऊन पोहोचला.

इंदूर-धारकडील शाळांतून दरवर्षी मांडवगडाची सहल निघते. जहाजमहाल, रूपमतीचा मंडप, हुशंगशहाची कबर ही स्थळे मुलांना पाठ असतात. परंतु या गडावर एका इंग्रज वकिलाने सात-आठ महिने पाण्याचे हाल काढले, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. रोला राहण्यास मिळाली ती गावापासून दूर असलेली एक पडकी मशीद व तिच्या जोडीची कबर. बादशहाचा अफाट लवाजमा एकाएकी येऊन पडल्यामुळे गडावर पाण्याचे दुर्भिक्ष झाले. विहिरी अमीर-उमरावांनी अडवल्या. नव्याने आलेल्यास पाणी कोण देणार? शेवटी एका अमीराच्या मेहेरबानीने त्याला रोजच्या ठरावीक खेपा मिळू लागल्या, तेव्हा त्याच्या माणसांचा जीव जगला. बादशहाच्या शेजारी उभे राहण्याच्या जागेबद्दल हट्ट धरणारा हा मानी मनुष्य चार पखालींसाठी कोणाचा तरी मिंधा होतो आणि ते लिहूनही ठेवतो. दरबारच्या शंभर वर्णनांपेक्षा ही हकीकत मला अधिक मोलाची वाटते.

याच मुक्कामात एक सिंह आणि एक लांडगा त्याच्या आवारात रात्री येऊ लागले. भिंतीवरून उड्या घेऊन शेळ्यामेंढ्या नेऊ लागले. सिंहाची शिकार हा बादशहाचाच हक्क असल्याने जीव वाचवण्यासाठीसुद्धा परवानगी मागावी लागली, आणि ती मिळाली. एका रात्री गलबला ऐकून रो बाहेर धावला, तो त्याच्या डोळ्यांदेखत जनावराने त्याचा लाडका लहान कुत्रा उचलला. पुढे त्याच्या एका नोकराने लांडगा मारला आणि रोने तो बादशहाकडे पाठवून दिला. या एवढ्याशा प्रसंगात मोगल राज्याची घडी जितकी उलगडते तितकी ती एखाद्या फर्मानाच्या नकलेतून उलगडणार नाही. जेथे रानातील जनावरावरही मालकी आहे, तेथे व्यापाराच्या सवलतीसाठी लेखी तह मागणाऱ्या वकिलाची दाद कितपत लागणार, हे वाचकाच्या आपोआप ध्यानात येते. रो स्वतः तसे म्हणत नाही. त्याने प्रसंग सांगितला आणि तो पुढे गेला, हेच त्या पानाचे बळ आहे.

खेळाचा आणखी एक प्रसंग अजमेरचा आहे. रोजवळ एक लहान इंग्रजी चित्र होते. आपल्या चितारीने त्याची हुबेहूब नक्कल केली तर ती ओळखता येईल काय, अशी पैज जहांगीराने लावली. एके रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहा चित्रे त्याच्यापुढे मांडण्यात आली. रोने मूळ चित्र ओळखले खरे, पण त्यास आयास पडले, आणि ही गोष्ट त्याने लपवली नाही. आपल्या देशाची कला श्रेष्ठ, या समजुतीने आलेल्या पाहुण्याला यजमानाने हसत हसत दिलेला हा धडा होता. नजराण्यांच्या बाबतीतही तेच झाले. मोठ्या कौतुकाने आणलेल्या विलायती गाडीचे आतले कापड काढून बादशहाने त्याहून भारी कापड बसवले आणि पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे ठोकवले. इंग्लंडचा राजा खरोखरच मोठा असेल तर त्याने असल्या हलक्या वस्तू का पाठवाव्या, असे बादशहाने एका जेझुइट पाद्र्याला विचारल्याचेही रोने नोंदवले आहे. स्वतःच्या धन्याची झालेली ही किंमत टिपून ठेवण्यास प्रामाणिकपणा लागतो, आणि तो रोजवळ होता.

व्यापाराविषयी त्याने कंपनीला १६१६ साली जे कळवले ते तर द्रष्टेपणाचे म्हणावे लागेल. युद्ध आणि व्यापार ही एकत्र नांदत नाहीत. पोर्तुगीजांचा नफा त्यांच्या किल्ल्यांनी आणि शिबंदीने खाऊन टाकला. नफा हवा असेल तर तो समुद्रावर आणि शांततेच्या व्यापारात शोधावा, हा त्याच्या सल्ल्याचा आशय होता. इतकेच नव्हे, तर या कामास राजदूत मुळी नकोच, त्याच्या मानापमानाने अडचणीच अधिक वाढतात, साधा मुनीम बरा, असेही त्याने स्वतःच्या पदाविषयी लिहिले. कंपनीने त्याचा हा सल्ला फार काळ मानला नाही. त्याचे परिणाम आपण पुढे दीडशे वर्षे भोगले. पण लेखक म्हणून रोची उंची येथे दिसते. आपलेच आसन निरुपयोगी आहे असे म्हणणारा अधिकारी कोणत्याही काळात विरळाच.

तथापि रोची एक मर्यादा अशी आहे की, ती त्याच्या सर्व गुणांवर सावली धरून राहते. मांडवगडच्या पाण्याची हकीकत मी एकदा नववीच्या वर्गात मराठीत सांगितली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्या अमीराचे आभार त्याने कोणत्या भाषेत मानले?” या प्रश्नात टीकेचे सार आले आहे. रोला फार्सी येत नव्हती. सबंध मुक्काम त्याने दुभाष्यांच्या भरवशावर काढला, आणि ते आपले म्हणणे नीट पोहोचवीत नाहीत अशी त्याची तक्रार होती. म्हणूनच दरबार त्याला लंडनच्या नाटकगृहासारखा दिसला : वर बादशहा, खाली रंगमंचावर मानकरी, त्याखाली बघ्यांची गर्दी. उपमा समर्पक आहे. पण नाटक पाहणाऱ्याला पात्रांचे बोलणे समजले नाही तर हाती उरतात ते केवळ पोशाख. आणि दुसऱ्या बाजूचे चित्र पाहावे तर जहांगीराने आपल्या विस्तृत आत्मचरित्रात पक्षी, फुले, फळे, हत्ती यांच्या बारीकसारीक नोंदी केल्या आहेत, पण या वकिलाचा नावानेही उल्लेख केलेला नाही. तीन वर्षे ज्याच्या दाराशी काढली त्याच्या स्मरणात तीन ओळींचीही जागा मिळू नये, हा रोच्या रोजनिशीवरील सर्वांत कठोर अभिप्राय होय.

भाषेची ही उणीव भरून निघाली म्हणजे या वाङ्मयप्रकाराचे रूप कसे पालटते, हे पाहण्यासाठी अडीचशे वर्षे ओलांडून जपानकडे वळावे लागते. अर्नेस्ट सेटो हा १८६२ च्या सप्टेंबरात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शिकाऊ दुभाषी म्हणून योकोहामास आला. गंमत अशी की, त्यास जपानची ओढ लागली तीही एका वकिलातीच्याच वृत्तांतामुळे. लॉर्ड एल्गिनच्या स्वारीबरोबर गेलेल्या लॉरेन्स ऑलिफंटचे पुस्तक घरी आले, ते त्याने वाचले आणि त्याचा निश्चय झाला. या प्रकारच्या लेखनाने माणसाच्या आयुष्याची दिशा बदलते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

सेटोच्या आधी तेथे पहिला ब्रिटिश वकील म्हणून गेलेल्या सर रदरफर्ड अल्कॉकचे दोन खंडांचे पुस्तक १८६३ साली निघाले होते. त्यातील बाजाराचे चित्र शिक्षकांनी अवश्य पाहावे, कारण त्यात वर्गात सोडवण्याजोगे एक उत्तम उदाहरण आहे. १८५९ साली बंदरे खुली झाली तेव्हा जपानात सोन्याची किंमत चांदीच्या सुमारे पाचपट होती. बाहेरच्या जगात ती सुमारे पंधरापट होती. तहाप्रमाणे नाणे वजनावारी बदलून मिळे. चार मेक्सिकन डॉलर दिले की सुमारे बारा इचिबू ही चांदीची नाणी मिळत. चार इचिबूंना कोबान हे सोन्याचे एक नाणे, म्हणजे बारा इचिबूंना तीन. आणि ती तीन कोबान चीनच्या किनाऱ्यावर विकली की बारा डॉलर हाती येत. काही न पिकवता, काही न घडवता एकाचे तीन! मग काय विचारता? परदेशी व्यापाऱ्यांनी खोटी, थट्टेची नावे घालून अवाच्या सवा रकमांचे अर्ज जपानी अधिकाऱ्यांपुढे टाकले. अल्कॉकने स्वदेशीयांची ही लाज झाकली नाही. उलट त्यांना खडे बोल सुनावले आणि व्यापाऱ्यांचा रोष पत्करला. पुढे जपानी सरकारने १८६० साली कोबानातील सोने कमी करून ही गळती थांबवली, पण महागाईचा तडाखा सामान्य जपानी माणसास बसायचा तो बसलाच.

हा अल्कॉक १८६० च्या सप्टेंबरात फुजी पर्वत चढून गेला. तो चढणारा पहिला पाश्चात्त्य तोच. जपानी अधिकाऱ्यांनी त्याचे मन वळवण्याची खटपट केली. त्यांचा एक आक्षेप असा की, हा डोंगर सामान्य यात्रेकरूंचा. थोर दर्जाच्या माणसास तो शोभत नाही. वारकऱ्यांच्या दिंडीतून सरदाराने पायी चालावे, तशातलाच हा प्रकार त्यांना वाटला असेल. उतरताना आतामी या उष्णोदकाच्या गावी त्याचा टोबी नावाचा कुत्रा उकळत्या फवाऱ्यात भाजून मेला. गावकऱ्यांनी हळहळून त्याला रीतसर पुरले, आणि जपानी लोकांच्या दयाळूपणाची खूण अल्कॉकला तेथे पटली. एदोच्या दरबारात त्याला जो देश सापडला नव्हता तो एका खेड्यात, पाळलेल्या जनावराच्या थडग्यापाशी सापडला. मांडवगडचा कुत्रा आणि आतामीचा कुत्रा ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात यजमान दिसतो तो परवानगी देणारा. दुसऱ्यात तो दुःखात वाटेकरी होतो.

सेटोचे ‘अ डिप्लोमॅट इन जपान’ हे पुस्तक १९२१ साली प्रसिद्ध झाले. त्याचा पाया तरुणपणीच्या रोजनिशांचा. काही भाग त्याने सयाममध्ये वकील असताना लिहिला आणि उरलेला वयाच्या पंचाहत्तरीनंतर पुरा केला. तरुणाचे डोळे आणि वृद्धाची बुद्धी असा दुर्मिळ योग या पुस्तकात जुळून आला आहे. योकोहामाच्या वसाहतीचे वर्णन करताना तो सांगतो की, प्रत्येकाच्या दारी घोडा, मेजवान्यांत शँपेनचा सुकाळ, वसंतात आणि शरदात शर्यती. मात्र याच ऐटबाज घोडदौडीची दुसरी बाजू तो वाचकाच्या दृष्टीआड होऊ देत नाही. तो येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच १४ सप्टेंबर १८६२ रोजी चार इंग्रज हवा खाण्यासाठी घोड्यांवरून तोकाइदो रस्त्याने निघाले. वाटेत सात्सुमा घराण्याच्या शिमाझू हिसामित्सूची स्वारी समोरून आली; मिरवणुकीस वाट देण्याचा रिवाज पाळला गेला नाही; तलवारी उपसल्या गेल्या आणि रिचर्डसन नावाचा व्यापारी मारला गेला. एका रपेटीची परिणती पुढल्या वर्षी कागोशिमा शहरावरील तोफांच्या भडिमारात झाली, आणि त्या आरमारी मोहिमेत सेटो स्वतः होता.

खुनाच्या रात्री योकोहामाचे व्यापारी सूडासाठी आतुर झाले होते आणि ब्रिटिश वकिलातीचा प्रमुख कर्नल नील याने त्यांना आवरले. त्या वेळी नीलवर भित्रेपणाचा आरोप झाला. पुढे मागे वळून पाहताना नीलचाच मार्ग शहाणपणाचा होता, असा निवाडा सेटो देतो. आठवणींच्या पुस्तकात लेखक बहुधा आपली जुनी मते सजवून मांडतो. सेटो त्यांना वयाच्या तराजूत पुन्हा तोलतो. बाजाराच्या बाबतीतही त्याची वृत्ती अशीच आहे. जपानी व्यापारी तेवढा लबाड, अशी परदेशीयांची समजूत का झाली याचे कारण तो देतो : खुल्या बंदरात आलेले पुष्कळसे जपानी व्यापारी भांडवल आणि अनुभव नसलेले, नशीब काढायला आलेले लोक होते. त्याबरोबरच वकिलातीतील अधिकाऱ्यांना हुंडणावळीची जी खास सवलत होती, आणि तीवर जो फायदा त्यांच्या खिशात पडे, तोही तो मांडून दाखवतो. दुसऱ्याच्या तराजूतील खोट दाखवणारे पुष्कळ. आपल्या कचेरीतील वजने तपासणारा एखादाच.

हे सेटोला साधले त्याचे मूळ त्याच्या भाषाज्ञानात आहे. कचेरीच्या कामातून वेळ काढून तो जपानी शिकला, लिपी घोटली आणि सरकारी पत्रे वाचू लागला. १८६६ साली योकोहामाच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात त्याने निनावी लेख लिहिले. तहाच्या व व्यापाराच्या प्रश्नातून निघून ते लेख थेट असे म्हणत होते की, एदोचा शोगुन हा साऱ्या जपानचा सार्वभौम राजा नव्हे. त्यांचे जपानी भाषांतर हातोहात पसरले आणि ते ब्रिटिश सरकारचेच धोरण आहे असे लोक मानू लागले. सरकारी नोकराने असे लिहिणे नियमात बसत नव्हते, हे तो स्वतःच कबूल करतो. समीक्षकाने येथे थोडे सावध राहावे. भाषा आली म्हणजे पाहुणा घरातला होतो हे खरे, पण घरातल्या भांडणात पडण्याचा मोहही त्याला तेव्हाच होतो. रोला कळत नव्हते म्हणून तो बाहेर राहिला. सेटोला कळत होते म्हणून तो आत शिरला. या दोन टोकांमधील वाट कोणती, हा प्रश्न त्याचे पुस्तक मिटल्यावरही आपल्या मनात राहतो, आणि चांगल्या ग्रंथाचे ते लक्षणच आहे.

रो आणि सेटो हे दोघे चढत्या सत्तेचे प्रतिनिधी होते. स्वतंत्र झालेल्या, पण हाती आरमार नसलेल्या राष्ट्राचा प्रतिनिधी परमुलखात काय पाहतो, हे जाणण्यासाठी अप्पासाहेब पंतांकडे यावे. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे हे चिरंजीव. सूर्यनमस्कारांचा प्रसार हे ज्या राजाचे जीवितकार्य होते आणि ज्याने १९३९ साली प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवणारी घटना दिली, त्याच्या घरात हे वाढले. १९४८ ते १९५४ या काळात ते पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस होते. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड आणि इटली असा त्यांचा प्रवास झाला. ‘अ मोमेंट इन टाइम’ हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९७४ साली आणि ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स’ हे १९८७ साली निघाले.

पूर्व आफ्रिकेत त्यांच्यापुढे बाजाराचा जो प्रश्न आला तो रोच्या किंवा अल्कॉकच्या प्रश्नाहून अवघड होता. तेथे दुकाने चालवणारे होते ते आपलेच बांधव. सत्ता होती ती ब्रिटिशांची. आणि माती आफ्रिकी माणसाची. आपल्या व्यापाऱ्यांचे हित राखावे, की ज्यांच्या देशात ते व्यापार करतात त्यांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहावे? भारत सरकारच्या धोरणास अनुसरून पंतांनी भारतीयांना आफ्रिकी जनतेशी एकरूप होण्याचा सल्ला दिला, आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी भारतातील शिक्षणाचे दार उघडले आणि जोमो केन्याटांसारख्या नेत्यांशी स्नेह जोडला. ब्रिटिश सत्तेची त्यांच्यावर इतराजी झाली आणि १९५४ साली त्यांना केनिया सोडावे लागले. यजमान कोण, हेच जेथे वादात होते तेथे त्यांनी यजमान ओळखला, हे त्यांच्या दृष्टीचे श्रेय.

क्रीडांगणाचे म्हणाल तर पंतांचे क्रीडांगण म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर. वडिलांकडून आलेला सूर्यनमस्काराचा वारसा ते परदेशी घेऊन गेले आणि १९७० साली त्यावर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. शिकार आणि शर्यत यांत दुसऱ्यावर मात करण्याची ईर्ष्या असते. नमस्कारात ती नाही. त्यास मैदान लागत नाही, घोडा लागत नाही, प्रतिस्पर्धी लागत नाही. सत्तेची ऐट नसलेल्या राष्ट्राच्या वकिलाला हाच व्यायाम शोभतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या लेखनाचा दोष सांगावयाचा तर तो असा की, त्यांचा ओढा अध्यात्माकडे आहे, आणि त्यामुळे बाजारातील भाव, घरातील पाणी, रस्त्यावरील धूळ यांचा तपशील, जो रोजवळ विपुल आहे, तो त्यांच्या पानांतून कित्येकदा निसटतो.

यापुढे जो मुद्दा येतो तो आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. पंतांचे हे सारे मुख्य लेखन इंग्रजीत झाले. ज्यांच्या घरी शतकानुशतके मराठीत दफ्तरे लिहिली गेली त्यांनी आपल्या परदेशच्या आठवणी इंग्रजीत सांगाव्यात, याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वाचक कोठे आहे, हे पाहूनच लेखणी भाषा निवडते. पण आपल्या भाषेत हा वाङ्मयप्रकार नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीत पेशव्यांचे वकील असलेले हिंगणे, निजामाच्या दरबारी भागानगरास राहिलेले गोविंदराव काळे, कोट्याचे गुळगुळे, महेश्वरी अहिल्याबाईंच्या दरबारातून पुण्यास बातमीपत्रे पाठवणारे कारकून, हे सर्व रो आणि सेटो यांचेच समव्यवसायी होत. कोणत्या सावकाराची हुंडी सकारली गेली नाही, कोणाच्या फौजेचा पगार किती महिने तुंबला, कोण आजारी, कोणाच्या घरी लग्न, हा मजकूर त्यांनी ज्या आटोपशीर, धारदार गद्यात लिहिला त्याला तोड नाही. महादजी शिंदे उत्तरेतून परतल्यानंतर काळ्यांनी नाना फडणिसांना लिहिलेले पत्र तर मराठी गद्याचे भूषण मानले जाते. भारत इतिहास संशोधक मंडळाने हिंगणे दफ्तर छापले. पारसनिसांनी दिल्ली व महेश्वर येथील पत्रे प्रसिद्ध केली. इतिहासाच्या अभ्यासकांनी आपले काम केले. त्यांतील गद्याची गोडी दाखवणे हे आपले काम होते, ते राहून गेले.

ते राहिल्याने काय होते, याचा एकच दाखला देतो. १७८१ साली रघुनाथरावांचे वकील हणमंतराव आणि त्यांच्याबरोबर गेलेले मणियार पारशी हे लंडनमध्ये होते. त्यांचे हाल एडमंड बर्कच्या कानी गेले, तेव्हा त्याने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि हणमंतरावांना सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. त्या काचघरात चूल मांडणाऱ्या मराठी ब्राह्मणास इंग्लंड कसे दिसले असेल? ही हकीकत आपण वाचतो ती बर्कच्या बाजूने. जहांगीराच्या मौनामुळे रोची गोष्ट एकतर्फी झाली. येथे आपल्या बाजूचे मौन आहे.

हे मौन मोडण्याचे प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या गावातून परराष्ट्र सेवेत गेलेले ज्ञानेश्वर मुळे यांनी ‘माती, पंख आणि आकाश’ हे आत्मकथन मराठीत लिहिले आणि ते वाचकांनी आपलेसे केले. मराठीत लिहिले तर वाचणार कोण, या शंकेला ते उत्तर आहे. पण एका पुस्तकाने परंपरा होत नाही. मागची पाने आणि पुढची पाने यांचा धागा जोडावा लागतो.

तो जोडण्यास बृहन्महाराष्ट्रातील मराठी समाज अधिक लायक आहे, असे मला वाटते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपली घराणी मूळची फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, वकिलातीबरोबर परमुलखात आली आणि तेथली झाली. बाजारात एक भाषा, घरात दुसरी, आणि शेजारी आपल्याला कसे पाहतो याचे अखंड भान, ही राजदूताची स्थिती आपण पिढ्यानपिढ्या जगत आहोत. म्हणून माझी सूचना साधी आहे. वकिलांच्या पत्रांतून बाजारभाव, प्रवास, आजार, सण आणि शिकार यांविषयीची पन्नासएक पत्रे निवडावीत. फार्सी शब्दांचा अर्थ आणि तारखांचा मेळ देणाऱ्या टिपांसह त्यांचा एक लहान संग्रह करावा. आणि तो शाळांच्या वरच्या वर्गांत पूरक वाचनासाठी ठेवावा. त्याशेजारी रोचे मांडवगड आणि अल्कॉकचे आतामी यांची मराठी भाषांतरे असावीत, म्हणजे मुलांना तुलना करता येईल. अकादमीच्या सभासदांपैकी मोडी जाणणारे जोवर हयात आहेत तोवर हे काम सोपे आहे. पुढे ते दरवर्षी अवघड होत जाईल.

राज्ये गेली, तह रद्द झाले, रोने मागितलेल्या सवलती आणि सेटोने भाषांतरित केलेले खलिते आज कोणाच्या उपयोगाचे नाहीत. टिकले ते पाण्याचे दुर्भिक्ष, मेणबत्तीच्या उजेडातील पैज, डॉलरच्या हिशोबातील लबाडी आणि खेडुतांनी पुरलेला कुत्रा. परक्याच्या दारी राहून ज्याने हे पाहिले, आणि आपल्यालाही कोणी पाहत आहे हे जो विसरला नाही, त्याची पाने वाचनीय राहिली. आपल्या वकिलांनीही अशी पाने लिहिली आहेत. ती दफ्तरात आहेत, छापलेलीही आहेत. आता ती वर्गात आली पाहिजेत.